शब्दाला गाव विचारणारे हवालदार

एका माणसाचं पत्र मी एकोणतीस दिवस दाबून ठेवलं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यात माझा काही फायदा नव्हता आणि ते पत्र माझं तर नव्हतंच. मी शाळामास्तर होतो आणि शाळेच्याच एका कोपऱ्यात गावाचं टपाल बघत होतो. म्हणजे ज्याचं पत्र त्याला द्यायचं, एवढ्या एका कामासाठी सरकारनं मला एक शिक्का, एक शाईची गादी आणि एक कुलपाची पेटी दिली होती. तेवढं काम सोडून मी बाकी सगळं केलं.

पत्र होतं हवालदारांचं. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण लढाईहून ते परत आले त्या दिवसापासून गावानं दोन्ही बाजूला ठेवली आणि नुसतं हवालदार म्हणायला सुरुवात केली. त्यांच्याविषयी पहिली गोष्ट सांगायची तर ही, की कवठे महांकाळपासून थेट पाटणपर्यंत पालथं घातलं तरी इतका संशयी माणूस सापडायचा नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की माणसावर त्यांचा कधी संशय नसे. चोरावर नसे, दलालावर नसे, माझ्यावर असायला हवा होता तर तोही नव्हता. त्यांचा सगळा संशय शब्दांवर. आमच्या गावात परका माणूस आला की पोलीस पाटील त्याला चावडीसमोर उभा करून विचारायचे, गाव कुठलं, कुणाचा कोण, इकडं कशापायी आलास. हवालदार हीच चौकशी शब्दांची करीत. आपल्या तोंडात रोज येणारा शब्द आपल्याच गावचा असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. "मास्तर, मानूस खोटं बोलतंय त्ये कळतंय," ते म्हणायचे, "शब्द गपचिप घरात येऊन बसतोय. आपल्याला वाटतंय घरचाच हाय. नीट बगावं तर कुनाचा तरी पाव्हना."

हे खूळ नुसतं बोलण्यापुरतं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण सांगलीला एका गोव्याच्या पाववाल्याची भट्टी होती, तिथं हवालदार एकदा दोन दिवस ठाण मांडून बसले आणि परत आले ते तोंड पाडून. बटाटा, चावी, पगार हे तिन्ही शब्द पोर्तुगालचे निघाले होते. चावीचं आणि पगाराचं त्यांनी सोसलं, कारण त्यांच्या घराला कुलूप नव्हतं आणि पगार संपला होता. बटाट्याचं मात्र जिवाला लागलं. पुढच्याच आठवड्यात गावात लग्न होतं. पंगत बसली, बटाट्याची भाजी वाढली गेली. हवालदारांनी पत्रावळीकडं बराच वेळ रोखून पाहिलं आणि शेजारच्याला हळूच सांगितलं, "ह्यो आपला न्हवं." शेजारच्यानं घास खाली ठेवला. त्यानं पुढच्याला खूण केली, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. बघता बघता चाळीस माणसांची पंगत हात आखडून बसली आणि नवरीचा बाप घामाघूम होऊन विचारत फिरू लागला की भाजीत पडलंय तरी काय. हवालदार म्हणाले, "पडलं काय न्हाई. खावा. फकस्त वळख असावी."

त्यांच्याकडं एक वही होती. कैदेत असताना मिळालेली, राखी पुठ्ठ्याची, सुतळीनं बांधलेली. तिच्यात पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते आणि रकान्यांच्या डोक्यावर लिहिलं होतं: इटली, फ्रेंच, स्पेन, पोर्तुगाल, जर्मन, इंग्रज. बाकीचे शब्द शेवटच्या चार पानांवर दाटीवाटीनं बसवले होते. उरलेली सगळी वही एकाच शब्दाची होती. तो शब्द म्हणजे कंपनी.

आता कंपनी हा शब्द आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. सातारचं राज्य ज्यांनी खालसा केलं ते कंपनी सरकार. सांगलीला खेळ लावून जाते ती नाटक कंपनी. घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं बी कंपनी नि सी कंपनी तर बायकांनासुद्धा पाठ. पण हवालदारांना हा शब्द मिळाला तो यांपैकी कुठंच नाही. तो त्यांना इटलीच्या डोंगरात एका धनगरानं दिला.

धनगर हा त्यांचा शब्द. ते स्वतः पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातले, तीन पिढ्या मेंढरांमागं चालणाऱ्या घरातले. आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांची तुकडी शत्रूच्या हाती सापडली, जहाजात घालून इटलीत नेली आणि तारेच्या कुंपणात बसवली. वर्षभरानं इटलीनं हात वर केले, पहारेकरी पळाले आणि हे डोंगराच्या दिशेनं चालू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना वाट चुकलेली एक लंगडी मेंढी दिसली. आपण पळालेले कैदी आहोत, मागं जर्मन आहेत, हे सगळं विसरून त्यांनी जिभेनं टक टक वाजवून ती कळपाकडं वळवली. कळपाचा म्हातारा धनी खडकावर बसून हे बघत होता. "त्येनं माजं नाव इचारलं न्हाई, मुलूख इचारला न्हाई," हवालदार सांगत. "मेंढी कशी वळीवली त्ये बगितलं आन् बाजूला सरकून बसायला जागा दिली. मास्तर, मेंढरं तीच, कुत्रं त्येच, काठी तीच. फकस्त शिव्या येगळ्या."

त्या म्हाताऱ्यानं त्यांना सबंध हिवाळा लपवलं. कैदी लपवणाऱ्याला जर्मन गोळी घालत, हे दोघांनाही माहीत होतं. रोज दुपारी म्हातारा दगडासारखा पाव गुडघ्यावर आपटून मोडायचा, अर्धा यांना द्यायचा आणि म्हणायचा, "कोंपान्यो." सोबती. हवालदारांना वाटलं, आपण कंपनीतले शिपाई, म्हणून हाक मारत असेल. खालच्या गावच्या पाद्र्यानं उलगडून सांगितलं. कोन म्हणजे संगं, पाने म्हणजे पाव. संगं पाव मोडणारा तो कोंपान्यो, आणि अशांचा जमाव ती कंपनी. "चौदा वर्सं कंपनीत काडली," हवालदार मला म्हणाले, "आन् कुन्या साह्यबानं सांगितलं न्हाई, की ह्येचा अर्थ भाकर हाय."

त्या दिवसापासून ते या शब्दाच्या मागं लागले ते लागलेच. सुटका झाल्यावर त्यांना जर्मन कैद्यांवर पहारा करायला ठेवलं, तर त्यांनी कैद्यांनाच विचारायला सुरुवात केली. एकानं कुंपान सांगितलं, दुसरा म्हणाला आम्ही कामेराद म्हणतो. कामेरादची चौकशी केली तेव्हा कळलं की त्याचा अर्थ एका खोलीत झोपणारा. तो शब्द हवालदारांनी नापास केला. "खोलीत कुनीबी झोपतंय. ढेकूनबी झोपतंय." एका फ्रेंच शिपायाकडून कोपें मिळाला, परतीच्या जहाजावर एका स्पॅनिश खलाशाकडून कोंपान्येरो. पोर्तुगालचा रकाना तेवढा रिकामा राहिला होता, त्यासाठी सांगलीची भट्टी. पाववाल्याला त्यांनी विचारलं, तुमच्यात पावाला काय म्हणतात? तो पीठ मळता मळता म्हणाला, "पांवच म्हणटात. आनीक किदें म्हणपाचें?" हवालदारांनी त्याला मिठीच मारली. पाने, पें, पान, पांव, सगळी एकाच घरची पोरं, आणि त्यांतलं एक चालत चालत सांगलीच्या भट्टीपर्यंत पोचलेलं.

मिरजेच्या मिशनातल्या पाद्रीबाबांशी मात्र त्यांचं वाजलं. पाद्रीबाबा विद्वान गृहस्थ. त्यांनी सांगितलं की हा शब्द रोमन लोकांच्या भाषेतला खरा, पण कल्पना त्यांची नव्हे. रोमन फौजेत जर्मन टोळ्यांचे शिपाई होते. ते आपल्या बोलीत सोबत्याला पावातला भागीदार म्हणायचे. रोमनांनी त्याचीच नक्कल केली. म्हणजे ज्यांच्याशी हवालदार लढले, ज्यांनी त्यांना डोंगरातून पळवलं, त्यांच्याच पूर्वजांची ही पुण्याई. हवालदार उठून चालते झाले. दोन महिने मिरजेकडं फिरकले नाहीत. मग एका बाजाराच्या दिवशी पुन्हा गेले आणि जर्मनचा रकाना ओढून पहिल्या नंबरावर घेतला. "शत्रू झाला म्हनून काय, ज्येचं त्येला दिलं पायजे," एवढंच म्हणाले. त्याच भेटीत पाद्रीबाबांनी त्यांना आणखी एक गोष्ट बक्षीस दिली. इंग्रजांच्या लॉर्ड या शब्दाचा मूळ अर्थ म्हणे पावाचा राखणदार. ही बातमी चावडीवर फुटली तेव्हा पाटील म्हणाले, "म्हंजे लाटसाह्येब म्हंजे आपल्या भाकरीवरचा राखनदार?" हवालदार म्हणाले, "व्हय. आन् कंपनी सरकार म्हंजे संगं भाकर खायला आल्यालं." पाटलांनी विचारलं, "मग भाकरीसंगं तवाबी घिऊन का ग्येलं?"

इथवर वाचून कुणालाही वाटेल की हा एक निरुपद्रवी, प्रेमळ माणूस. मला तसं वाटलं नाही. मला तो सरकारी खबऱ्या वाटला. हा निष्कर्ष मी पुराव्यानिशी काढला होता आणि तो पुरावा आता सांगताना माझेच कान गरम होतात.

बेचाळीस सालापासून आमच्या भागात वही बाळगणारा माणूस म्हणजे एक तर तलाठी, नाही तर मास्तर, नाही तर खबऱ्या. हवालदार पहिले दोन नव्हते. त्यात त्यांना एक सवय होती. कुणाशीही बोलायच्या आधी ते फडक्यातली भाकरी काढून मधोमध मोडत आणि अर्धी समोरच्याच्या हातावर ठेवत. समोरच्यानं खाल्ली की विचारत, "बरं, ह्येच्याआदी कुनाकुनासंगं भाकर मोडली तुमी?" आणि सांगितलेली नावं वहीत लिहून घेत. त्यांना त्यातून काय हवं होतं ते मला पुढं कळलं. एकमेकांची भाकरी खाल्लेल्या माणसांची साखळी गावातून निघाली तर कुठवर जाते, हे त्यांना पाहायचं होतं. पण तेव्हा तो प्रश्न मला सरळ चौकशीचा वाटला, कारण त्रेचाळीसच्या थंडीत मी एक गुन्हा केला होता. शाळेच्या पडवीत एक अनोळखी माणूस पाय चोळत बसला होता. मी त्याला दीड भाकरी आणि पिठलं दिलं. त्यानं नाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो भूमिगतांपैकी होता की शेळ्यांचा दलाल होता, हे मला आजही माहीत नाही. पण त्या दीड भाकरीवर मी तीन वर्षं भीत होतो. पुढं आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली, डोंगरातले लोक राजरोस बाजारात येऊन वांगी घेऊ लागले. माझ्या पोटातलं वॉरंट काही उठलं नाही.

तेव्हा हवालदारांनी पहिल्यांदा माझ्या हातावर अर्धी भाकरी ठेवली तेव्हा मी ती परत त्यांच्या फडक्यात ठेवली आणि पित्ताचं निमित्त सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, कळण्याची हाय, डाळीच्या चुरीची. पित्ताला चांगली." मला वाटलं, काय बेरकी माणूस आहे, माझ्या पित्तावरसुद्धा याच्याकडं तोड आहे.

आणि इटलीतला धनगर? त्याच्यावर तर मी मुळीच विश्वास ठेवला नव्हता. मी मुलांना भूगोल शिकवत होतो. माझ्या पुस्तकात इटलीच्या उत्पन्नात संगमरवर होता, द्राक्षं होती, ऑलिव्हचं तेल होतं. मेंढरं नव्हती. पुस्तकात नसलेली मेंढरं राखणारा म्हातारा असणार कुठून? त्यामुळं हवालदार दर टपालाच्या दिवशी शाळेच्या दाराशी येऊन विचारायचे, "मास्तर, आलं का हो इटलीचं?" तेव्हा मी मनात म्हणायचो, कर नाटक. म्हाताऱ्यानं त्यांना बर्फातल्या खिंडीतून पलीकडं काढून दिलं होतं आणि मागं वळताना त्यांनी गोळ्यांचे तीन आवाज ऐकले होते. म्हातारा जगला की आपल्यापायी मेला, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, म्हणून खालच्या गावच्या पाद्र्याच्या पत्त्यावर त्यांनी पत्र टाकलं होतं. ही हकीकत त्यांनी मला चार वेळा सांगितली. चारही वेळा ती सारखीच होती, यावरून मी ताडलं की पाठ करून घेतलेली आहे.

बेंदराला बैलांची मिरवणूक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी टपालाच्या पिशवीतून एक निळसर पाकीट पडलं. परदेशी तिकिटं, परदेशी अक्षर, त्यावर हवालदारांचं नाव. कुणी शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, आलं बाबा एकदाचं. मी म्हणालो, वरच्या कचेरीनं काम चोख केलंय, तिकिटंसुद्धा इटलीची मिळवली. यात आपल्या दीड भाकरीचं काय निघतंय याचा अंदाज येईपर्यंत हे देऊ नये, असं ठरवून मी ते पेटीत, शिक्क्याच्या डब्याखाली ठेवलं आणि कुलूप लावलं. पण त्याआधी सवयीनं एक गोष्ट करून बसलो. आलेल्या प्रत्येक पत्राच्या पाठीवर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारायचा असतो, तो मारला. ठसठशीत मारला. इतका सुंदर शिक्का माझ्या हातून पूर्वी कधी उठला नव्हता.

चार दिवसांनी मला शंका येऊ लागली की पाकीट खरं असावं. आठ दिवसांनी खात्री झाली. पण आता ते द्यायचं कसं? आजच आलं म्हणावं तर पाठीवर माझाच शिक्का बेंदराच्या दुसऱ्या दिवसाची साक्ष द्यायला बसलेला. रोज सकाळी ठरवायचो, आज देऊन टाकू. आणि रोज ते पत्र एका दिवसानं जड होत जायचं. हवालदार दारात यायचे. "आलं का?" मी नाही म्हणून मान हलवायचो. मुलं माझ्याकडं बघायची, मी नकाशाकडं बघायचो, आणि नकाशावरची इटली माझ्याकडं बघायची.

हवालदारांनी मनाशी एक हिशेब केला होता. नागपंचमीपर्यंत उत्तर आलं नाही तर म्हातारा गेला असं समजायचं. पंचमी गेली. त्या दिवशी ते शाळेत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी सुतक धरलंय. घरात फोडणी बंद, खाटेवर बसणं बंद, वहीला हात नाही. हवालदारीणबाई विहिरीवर माझ्या बायकोला म्हणाल्या, "सासरा म्येला तवा ह्येनी एवडं मनाला लावून घेतलं न्हवतं. आन् मी त्या म्हाताऱ्याचं तोंड बगितलं न्हाई, पन आज दोन भाकरी जास्त पडल्या तर मलाबी रडू आलं." बायको मला जेवताना हे सांगत होती आणि मी पानावरून उठलो. ती म्हणाली, "पित्त वाटतं?" मी हो म्हणालो.

दहाव्या दिवशी ओढ्यावर घास ठेवायचा होता. निरोप आला तसा मी गेलो. हवालदारांनी डोकं आणि मिशी दोन्ही उतरवली होती. तोंड लहान मुलासारखं उघडंबोडकं दिसत होतं. खडकावर भाकरी, भात आणि सांगलीहून मुद्दाम आणलेला अर्धा पाव मांडला. पाव म्हाताऱ्याच्या आवडीचा. बाजूच्या बाभळीवर तीन कावळे बसले होते. आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो. कावळा घासाला शिवला म्हणजे गेलेल्याचं काही राहिलं नाही. नाही शिवला तर त्याची काही इच्छा मागं अडकलीय.

कावळे हलेनात. पाव घटका गेली, अर्धी घटका गेली. पाटील म्हणाले, "क्रिस्ताव मानूस. त्येला आपला कावळा वळखंल कसा?" हवालदारीणबाई म्हणाल्या, "कावळ्याला कसली आलीय जात? काय राह्यलं असंल त्ये बोला तुमी." हवालदार पुढं झाले. हात जोडून म्हणाले, "म्हाताऱ्या, तुज्या नावानं मेंढरू पाळीन." कावळे गप्प. "तुजी लंगडी मेंढी कुठं असंल तर तिला देव सुखी ठिवंल." कावळे गप्प. "तू माज्यामुळं ग्येलास. त्येची मापी दे." एका कावळ्यानं पाठ फिरवली. मग हवालदार इटलीच्या बोलीत काहीतरी पुटपुटले, त्यात कोंपान्यो तेवढं मला कळलं. आणि मग ते वळून माझ्याकडं आले. "मास्तर, तुमी शिकल्यालं. तुमी बोला. आमचं आयकंना झालंय."

मी म्हणालो, "हवालदार, कावळा शिवायचा नाही."

"का वं?"

"पत्र आलंय."

हवालदारांनी विचारलं, "कवा?"

आयुष्यात मला बऱ्याच परीक्षकांनी प्रश्न विचारले. एवढा अवघड कुणी विचारला नाही. "बेंदराच्या दुसऱ्या दिवशी," मी म्हणालो.

सगळे माझ्यामागून शाळेपर्यंत चालत आले. मी पेटी उघडली, पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी पाठीवरचा शिक्का वाचला, मग पाकीट फोडलं आणि पायरीवर बसून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागले. पत्र खालच्या गावच्या पाद्र्यानं लिहिलं होतं, शेवटी म्हाताऱ्याच्या हातची वाकडी फुली होती. म्हातारा जिवंत होता. जर्मनांनी मेंढरांचं वाडगं जाळलं, मेंढरं हाकून नेली आणि कुत्र्याला गोळ्या घातल्या. ते तीन आवाज कुत्र्याचे होते. आता तो लेकीकडं राहतो, दोन मेंढ्या पुन्हा घेतल्यात. तू खिंडीत बर्फाखाली मेलास असं समजून त्यानं दोन हिवाळे तुझ्यासाठी देवळात मेणबत्ती लावली. तुझं पत्र आल्यावर पाद्र्यानं ती विझवली, तर म्हातारा म्हणाला, असू दे, जळू दे.

हवालदारांनी पत्राची घडी घातली. मग पाटलांना म्हणाले, "कुत्रं लय गुनी हुतं." आम्ही ओढ्यावर परत गेलो तेव्हा खडक साफ होता. भाकरी नाही, भात नाही, पाव नाही. कुणी नेलं ते दिसलं नाही. हवालदारीणबाई म्हणाल्या, "ज्येचं त्येला पोचलं."

मी हात जोडून हवालदारांना सगळं सांगितलं. वही, खबऱ्या, दीड भाकरी, पिठलं, भूगोलाचं पुस्तक. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा पलटणीतला माणूस मला ओढ्यात बुडवणार. ते म्हणाले, "जर्मन फौजंला जमलं न्हाई, मास्तर. तुमी शाळंत बसून म्हातारा मारला." मग म्हणाले, "पन त्या पडवीतल्या गड्याला भाकर दिली न्हवं? नाव काय त्येचं?"

"विचारलं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पत्र दाबल्याचा त्यांना एवढा राग आला नव्हता. भाकरी दिली आणि नाव विचारलं नाही, हे त्यांच्या समजुतीच्या पलीकडचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत माझ्या नावापुढं एक रेघ ओढून तिच्या टोकाला जागा कोरी सोडली. मी पुढं बाजारात, मोटारीत, यात्रेत त्या माणसाचा चेहरा शोधायचो. एकदा एका शेळ्यांच्या दलालाला थांबवून विचारलंही, त्रेचाळीस साली तुम्ही पिठलं खाल्लं होतं का? तो शेळ्या सोडून पळाला.

त्यानंतर दर टपालाच्या दिवशी हवालदार यायचे आणि मी ते विचारायच्या आत उठून उभा राहायचो. त्यांची कळण्याची अर्धी भाकरी मी खायला लागलो. पित्त खरोखरच बरं झालं. इटलीची पत्रं येत राहिली, वर्षातून दोन, कधी तीन. मी ती धावत नेऊन द्यायचो. शिक्का मारायला एकदा विसरलोसुद्धा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात माझी बदली फलटणकडं झाली. मोटारीच्या थांब्यावर पोचवायला दोघंही आली होती. हवालदारांची मिशी पूर्वीपेक्षा जरा पांढरी होऊन परत आली होती. त्यांनी माझी वळकटी टपावर चढवली, दोरी दोनदा ताणून पाहिली, उगाचच तिसऱ्यांदा पाहिली. पाटलांना, पाद्रीबाबांना, पाववाल्याला विचारायच्या शब्दांची त्यांच्याकडं भली मोठी यादी असायची. त्या दिवशी त्यांना एकही शब्द सुचत नव्हता आणि मलाही नाही. मोटार सुरू झाली तेव्हा ते खिडकीशी येऊन म्हणाले, "मास्तर, पोचल्याचं पत्र टाका बरं का. वाट बगतो."

टाकतो म्हणालो. तेवढ्यात त्यांच्या मागून हवालदारीणबाई पदर सावरत पुढं आल्या आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं नवऱ्याला म्हणाल्या, "वाट बगायची तर खुशाल बगा. पन ह्येंचं पत्र आलं न्हाई म्हनून मी सुतक धरनार न्हाई, आदीच सांगून ठिवते."